एमिल क्रिस्टियान हान्सेन

एमिल क्रिस्टियान हान्सेन (८ मे १८४२, रिबे – २७ ऑगस्ट १९०९, हॉर्नबेक) हे डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ, कवकतज्ज्ञ आणि किण्वनशास्त्राचे अभ्यासक होते. यीस्टची एकच पेशी वेगळी करून तिच्यापासून संपूर्ण संवर्ध वाढवण्याची पद्धत त्यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनजवळच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सिद्ध केली व ती प्रत्यक्ष बिअरनिर्मितीत उतरवली. बिअर बिघडते ती केवळ जिवाणूंमुळे नव्हे, तर चुकीच्या जातीच्या यीस्टमुळेही बिघडते, हा त्यांचा मुख्य शोध होय. आज मोठ्या कारखान्यात, आसवनीत, बेकरीत किंवा घरच्या लहान पिंपात जे यीस्ट वापरले जाते, ते बहुधा अशाच निवडलेल्या शुद्ध संवर्धातून आलेले असते.

== बालपण व शिक्षण ==

हान्सेन यांचा जन्म डेन्मार्कमधील रिबे या जुन्या गावी एका गरीब कुटुंबात झाला. वडील घरे रंगवण्याचे काम करीत. मुलाचा ओढा कलेकडे होता. परंतु घरची परिस्थिती पाहता त्यालाही वडिलांचाच धंदा शिकावा लागला आणि काही काळ तो रंगारी कारागीर म्हणून राबला. पुढे त्याने शिक्षकी पत्करली. होल्स्टाइनबोर्ग येथील जहागिरीवर खाजगी शिक्षक असताना त्याची ओळख ओर्सलेव्ह गावचे शाळामास्तर पेटर नील्सेन यांच्याशी झाली. नील्सेन हे हौशी नव्हे, तर चांगले जाणकार वनस्पतिअभ्यासक होते. वनस्पतींची, विशेषतः बुरशीवर्गीय कवकांची ओळख हान्सेन यांना त्यांच्याकडूनच झाली.

विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा हान्सेन १८७१ मध्ये उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांचे वय एकोणतीस वर्षांचे होते. त्या वयात त्यांचे अनेक समवयस्क नोकरीत स्थिर झालेले होते. कोपनहेगन विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्रज्ञ यापेटुस स्टीनस्ट्रुप यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम केले आणि लेखन करून शिक्षणाचा खर्च भागवला. १८७६ मध्ये आल्फ्रेड यॉर्गेनसेन या मित्राबरोबर त्यांनी चार्ल्स डार्विन यांच्या बीगल जहाजावरील प्रवासवर्णनाचा डॅनिश अनुवाद प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जनावरांच्या शेणावर वाढणाऱ्या डॅनिश कवकांवरील निबंधाला विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले. विषय हलका वाटावा असा आहे. पण शेणाच्या एका गोळ्यावर एकमेकांत मिसळून वाढणाऱ्या कितीतरी जाती वेगवेगळ्या ओळखण्याची जी सवय येथे लागली, तीच पुढे बिअरच्या पिंपात उपयोगी पडली.

== कार्ल्सबर्ग ==

कार्ल्सबर्ग कारखान्याचे संस्थापक याकोब क्रिस्टियान याकोबसेन (१८११–१८८७) हे स्वतः एका बिअर बनवणाऱ्याचे पुत्र. त्यांच्या वडिलांच्या काळी कोपनहेगनमध्ये बिअर लहान प्रमाणावर, अंदाजाने आणि वरच्या थरात फेसाळणाऱ्या यीस्टने बनवली जाई. खेड्यांतून ती घरोघरीच होत असे. प्रत्येक घरी मागील खेपेचे यीस्ट जपून ठेवले जाई, काही ठिकाणी लाकडी कड्यावर किंवा कापडावर सुकवले जाई आणि बिघडले तर शेजाऱ्याकडून आणले जाई. मराठी घरात विरजण जसे कालच्या दह्यातून आजच्या दुधाला लागते आणि दही ताराळ किंवा फार आंबट होऊ लागले की दुसऱ्या घरून आणले जाते, तसाच हा व्यवहार होता. विरजणात नेमके काय आहे हे जसे कोणी पाहत नाही, तसे यीस्टमध्ये काय आहे हेही कोणी पाहत नसे.

याकोबसेन यांनी १८४५ मध्ये म्यूनिकच्या स्पाटेन कारखान्यातून, गाब्रिएल सेडलमायर यांच्याकडून, तळाशी बसणारे बव्हेरियन यीस्ट मिळवले. घोडागाडीच्या प्रत्येक थांब्यावर थंड पाणी घालत त्यांनी ते यीस्ट डब्यातून कोपनहेगनला आणले, असे सांगितले जाते. १८४७ मध्ये वाल्बीच्या टेकडीवर नवा कारखाना सुरू झाला. त्याला मुलगा कार्ल याचे नाव आणि टेकडी या अर्थाचा शब्द जोडून कार्ल्सबर्ग हे नाव देण्यात आले. पुढील जवळजवळ चाळीस वर्षे हेच यीस्ट खेपेमागून खेप वापरले गेले.

शास्त्रावर याकोबसेन यांची श्रद्धा होती. त्यांनी १८७५ मध्ये कारखान्याला जोडून प्रयोगशाळा उभारली आणि पुढच्या वर्षी कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान स्थापून ती त्याच्या देखरेखीखाली दिली. प्रयोगशाळेच्या नियमांत एक असाधारण कलम होते. शास्त्रीय किंवा व्यावहारिक महत्त्वाचा कोणताही निष्कर्ष तिने गुप्त ठेवायचा नव्हता. प्रयोगशाळेचे दोन विभाग होते, रसायनाचा आणि शरीरक्रियेचा. रसायन विभागात योहान केल्डाल होते. धान्यातील नायट्रोजन मोजण्याची त्यांची १८८३ मधील पद्धत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. हान्सेन १८७७ पासून कार्ल्सबर्गमध्ये किण्वनातील सूक्ष्मजीवांवर काम करू लागले आणि १८७९ मध्ये शरीरक्रिया विभागाचे प्रमुख झाले. ते पद त्यांनी मृत्यूपर्यंत सांभाळले.

बिअर व वर्ट (मोड आणून वाळवलेल्या सातूचा, म्हणजे माल्टचा, गोड काढा) यांतील सूक्ष्मजीवांवरील प्रबंधाला १८७९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. बिअर आंबवून शिरका करणारे जिवाणू एकाच जातीचे नसतात, हे त्यांनी या काळात दाखवले. त्यांतील एक जात आयोडीनने निळी पडते आणि दुसरी पडत नाही. निळ्या पडणाऱ्या जातीला त्यांनी लुई पाश्चर यांचे नाव दिले.

== बिअरचे रोग ==

पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. फ्रान्सच्या १८७०–७१ मधील पराभवानंतर जर्मन बिअरशी टक्कर देईल अशी फ्रेंच बिअर व्हावी, या जिद्दीने त्यांनी तो अभ्यास केला होता. बिअरचा प्रत्येक बिघाड एखाद्या विशिष्ट सूक्ष्मजीवामुळे होतो आणि तो सूक्ष्मजीव बाहेरून आत शिरतो, हा त्यांचा सिद्धांत होता. यीस्टमध्ये जिवाणू मिसळले असतील तर टार्टारिक आम्ल घातलेल्या साखरेच्या द्रावणात ते यीस्ट वाढवावे, म्हणजे जिवाणू मागे पडून यीस्ट शुद्ध होते, असा उपाय त्यांनी सुचवला. याकोबसेन हे पाश्चर यांचे निस्सीम चाहते होते. त्यांनी पाश्चर यांचा अर्धपुतळाही करवून घेतला होता.

तरीही बिअर बिघडतच होती. कोपनहेगनच्या टुबोर्ग कारखान्यातील बिअरला नकोसा कडूपणा आणि वाईट वास येऊ लागला. पुढे जुन्या कार्ल्सबर्गमध्येही तसेच घडले. भांडी स्वच्छ होती, माल्ट चांगले होते, हॉपमध्ये खोट नव्हती, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर जिवाणू नगण्य होते. तेथे दिसत होते ते फक्त यीस्ट, गोल व लांबट पेशी, नेहमीसारख्याच. कारखानदाराच्या दृष्टीने असा बिघाड सर्वांत भीतिदायक असतो. ज्याच्यावर भिस्त ठेवायची त्याच वस्तूत दोष असेल, तर शोधायचे कोठे?

हान्सेन यांना संशय आला तो यीस्टवरच. यीस्टच्या अनेक जाती असतात हे त्याआधी माहीत होते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ माक्स रीस यांनी १८७० मध्ये काही जातींना नावे दिली होती. परंतु त्या ओळखल्या जात त्या पेशीच्या आकारावरून. हान्सेन यांनी दाखवले की आकार हा भरवशाचा पुरावा नाही. तीच जात वेगळ्या तापमानात, वेगळ्या वयात, वेगळ्या अन्नात निराळी दिसते. आणि दोन निरनिराळ्या जाती एका पिंपात अगदी सारख्या दिसू शकतात. म्हणून त्यांनी वागणुकीवरून ओळख पटवण्याची पद्धत बसवली. ओल्या जिप्समच्या ठोकळ्यावर यीस्ट पसरून ठराविक तापमानात ठेवले की किती तासांनी पेशींच्या आत बीजाणू तयार होतात, द्रवाच्या पृष्ठभागावर साय केव्हा व कोणत्या तापमानात धरते, कोणती साखर आंबते आणि कोणती आंबत नाही, अशा कसोट्या त्यांनी लावल्या. कारखान्यात वापरले जाणारे यीस्ट बीजाणू उशिरा धरते, तर रानटी यीस्ट लवकर धरते, असे आढळले. यातून एक सोपी चाचणी निघाली. २५ अंश सेल्सियसला चाळीस तासांच्या आत, किंवा १५ अंशांना बहात्तर तासांच्या आत बीजाणू दिसले, तर यीस्टमध्ये रानटी जात शिरली आहे असे समजावे. कारखान्यांच्या प्रयोगशाळांत ही चाचणी पुढे अनेक वर्षे चालली.

पाश्चर यांचा टार्टारिक आम्लाचा उपाय तपासताना हान्सेन यांना उलटाच परिणाम दिसला. जिवाणू कमी होत होते खरे, पण त्या आम्लयुक्त द्रावणात रानटी यीस्ट चांगले फोफावे आणि कारखान्याचे यीस्ट मागे पडे. म्हणजे शुद्धीकरण म्हणून जे केले जाई, त्यानेच रोगाचे बी वाढत होते. पाश्चर यांच्या मतात ही मोठी दुरुस्ती होती, आणि ती पाश्चरभक्त मालकाच्या प्रयोगशाळेतून आली.

== एका पेशीपासून ==

दोष यीस्टच्या मिश्रणात आहे हे सिद्ध करायचे तर प्रत्येक जात वेगळी करून तिची निराळी बिअर करून पाहणे भाग होते. त्यासाठी खात्रीने एकाच पेशीपासून वाढलेले यीस्ट हवे. हान्सेन यांनी प्रथम विरलनाचा मार्ग धरला. यीस्ट निर्जंतुक पाण्यात मिसळायचे, थेंबातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या, आणि इतके पातळ करायचे की वर्टने भरलेल्या सरासरी दोन चंबूंपैकी एकातच एक पेशी जावी. मग चंबू जोराने हलवून स्थिर ठेवायचे. काही दिवसांनी ज्या चंबूच्या काचेवर यीस्टचा एकच पांढरा ठिपका उमटे, त्यातील वाढ एका पेशीची मानायची. दोन ठिपके उमटले तर तो चंबू बाद.

ही पद्धत चांगली असली तरी तिच्यात संभाव्यतेचा भाग होता. रॉबर्ट कॉख यांनी जिवाणूंसाठी जिलेटीनचा वापर सुरू केल्यावर हान्सेन यांनी तो यीस्टला लावला, आणि त्यात एक महत्त्वाची भर घातली. वर्ट मिसळलेल्या जिलेटीनमध्ये यीस्ट विरळ पसरून त्याचा पातळ थर काचपट्टीवर घ्यायचा, ती पट्टी ओलसर कोठडीवर उलटी ठेवायची, आणि सूक्ष्मदर्शकातून एकट्या पडलेल्या पेशीची जागा खुणेने निश्चित करायची. पुढे त्या पेशीला फुटवा कसा येतो, दोनाच्या चार कशा होतात, हे डोळ्यांनी पाहत राहायचे. वसाहत पुरेशी मोठी झाली की निर्जंतुक तारेने ती उचलून चंबूत टाकायची. येथे अंदाजाला जागा उरत नव्हती. वाढीचा आरंभ एका पेशीपासून झाला, हे पाहणाऱ्याने प्रत्यक्ष पाहिलेले असे.

अशा रीतीने कार्ल्सबर्गच्या यीस्टमधून त्यांनी निरनिराळे प्रकार वेगळे केले आणि प्रत्येकाची बिअर करून पाहिली. कडू चव व दुर्गंध यांचे मूळ त्यांना एका रानटी जातीत सापडले. तिला त्या काळच्या नामपद्धतीनुसार त्यांनी सॅकॅरोमायसिस पास्टोरियानस एक म्हटले. दुसऱ्या काही रानटी जातींमुळे बिअर साठवणीत गढूळ होत होती. चांगली, स्वच्छ, ओळखीच्या चवीची बिअर दिली ती एका प्रकाराने. त्याला कार्ल्सबर्गचे तळयीस्ट क्रमांक एक असे नाव मिळाले. मिश्रण कोणत्या टप्प्यावर होते यालाही महत्त्व आहे, हे त्यांनी दाखवले. मुख्य किण्वनाच्या आरंभीच रानटी यीस्ट शिरले तर बिअर बिघडते. ते उशिरा, साठवणीच्या वेळी शिरले तर त्याचा उपद्रव पुष्कळदा कमी असतो.

एका पेशीपासून कारखान्याच्या पिंपापर्यंतचा प्रवास हा वेगळाच प्रश्न होता. चंबूतील चमचाभर यीस्ट हजारो लिटर वर्टला पुरत नाही, आणि वाढवताना उघड्यावर आले की पुन्हा हवेतील रानटी पेशी त्यात पडतात. कारखान्याचे व्यवस्थापक क्यूले यांच्या सहकार्याने हान्सेन यांनी यासाठी तांब्याचे बंद उपकरण तयार केले. वाफेने निर्जंतुक होणारी दोन पात्रे, कापसातून गाळलेली हवा, आणि एका पात्रातून दुसऱ्यात वर्ट नेणाऱ्या नळ्या अशी त्याची रचना होती. तयार यीस्ट काढून घेतल्यावर थोडे आतच शिल्लक ठेवले जाई आणि त्यावर नवा वर्ट सोडला जाई. त्यामुळे पुन्हा चंबूपासून आरंभ न करता दीर्घकाळ शुद्ध यीस्टचा पुरवठा होऊ शके. मूळ संवर्ध जपण्याची त्यांची रीत त्याहूनही साधी होती. उसाच्या साखरेच्या दहा टक्के द्रावणात यीस्ट ठेवले की त्याची वाढ जवळजवळ थांबते, पण पेशी कित्येक वर्षे जिवंत राहतात.

== याकोबसेन यांचा निर्णय ==

एकाच जातीच्या यीस्टवर संपूर्ण कारखाना सोपवण्यास याकोबसेन सुरुवातीला राजी नव्हते. चाळीस वर्षे जपलेल्या म्यूनिकच्या यीस्टचा त्यांना अभिमान होता आणि त्याला दोष देणे म्हणजे कारखान्याच्या मुळाशी बोट दाखवणे होते. चाचणीच्या बिअरची चव आल्यावर मात्र त्यांचे मत पालटले. नोव्हेंबर १८८३ मध्ये जुन्या कार्ल्सबर्गमध्ये शुद्ध यीस्टने पहिले किण्वन झाले आणि पुढील वर्षी तेथील सर्व उत्पादन त्या यीस्टवर आले.

त्यानंतर याकोबसेन यांनी जे केले ते व्यापाराच्या रीतीला धरून नव्हते. पद्धत छापून प्रसिद्ध झाली, आणि मागेल त्या कारखान्याला, प्रतिस्पर्ध्यालाही, यीस्ट विनामूल्य देण्यात आले. प्रयोगशाळेचे कलम येथे खऱ्या अर्थाने कसाला लागले. ज्या शोधावर एखाद्या कंपनीने मक्तेदारी उभी केली असती, तो काही वर्षांतच जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स व अमेरिकेतील कारखान्यांत पोचला. या प्रसारात कोपनहेगनमध्ये खाजगी किण्वन-प्रयोगशाळा चालवणाऱ्या आल्फ्रेड यॉर्गेनसेन यांचा मोठा वाटा होता. देशोदेशींचे बिअर बनवणारे त्यांच्याकडे शुद्ध संवर्धाचे काम शिकण्यास येत.

== विरोध व मर्यादा ==

पद्धतीला विरोधही झाला. एका जातीच्या यीस्टने बिअर एकसुरी होते, चवीचे बारकावे जातात, असा आक्षेप होता. इंग्लंडमध्ये तो विशेष तीव्र होता, कारण तेथील एल जातीच्या बिअरला पिंपात महिनोन्‌महिने दुसऱ्यांदा आंबू देण्याची चाल होती, आणि शुद्ध यीस्टने ते दुसरे किण्वन नीट होत नसे. १९०४ मध्ये नव्या कार्ल्सबर्ग कारखान्याचे हेल्टे क्लाउसेन यांनी याचे कारण शोधले. इंग्लिश बिअरची ती जुनी, मुरलेली चव एका वेगळ्या यीस्टमुळे येत होती. त्याला त्यांनी ब्रेटानोमायसिस हे नाव दिले. हान्सेन यांच्या मोजमापाने जे रानटी ठरले असते, ते तेथे चवीचा भाग होते. हान्सेन यांच्या पद्धतीने लागर बिअरचा प्रश्न सुटला, पण सर्व बिअर एकाच मापाने मोजता येत नाही हेही यातून उघड झाले. बेल्जियममधील काही आंबट बिअर आजही मिश्र सूक्ष्मजीवांनीच बनवल्या जातात, आणि त्या बिघडलेल्या मानल्या जात नाहीत.

दुसरा वाद अधिक कटू होता, कारण तो जुन्या मित्राशी झाला. १८९५ मध्ये यॉर्गेनसेन यांच्या प्रयोगशाळेतून असे मत मांडण्यात आले की यीस्ट ही स्वतंत्र जीवजात नसून ॲस्परजिलस वर्गातील बुरशीचेच एक रूप आहे. हे खरे असते तर शुद्ध जात या कल्पनेलाच अर्थ उरला नसता. कार्ल्सबर्गमधील हान्सेन यांचे साहाय्यक आल्बर्ट क्ल्योकर आणि स्क्योनिंग यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिले. बुरशीपासून यीस्ट होत नाही. जेथे तसे दिसले तेथे बाहेरून यीस्ट शिरले होते, असे त्यांनी दाखवले. डार्विन यांचा अनुवाद मिळून करणारे दोघे मित्र अशा रीतीने एका मूलभूत प्रश्नाच्या दोन बाजूंना उभे राहिले.

== निसर्गातील यीस्ट ==

कारखान्याबाहेरही हान्सेन यांनी यीस्टचा माग काढला. लिंबाच्या आकाराची पेशी असलेले एक यीस्ट त्यांनी यासाठी निवडले, कारण ते सूक्ष्मदर्शकाखाली सहज ओळखू येई. उन्हाळ्यात ते पिकलेल्या, गोड, साल फाटलेल्या फळांवर आढळे, फळे गळून पडली की पावसाबरोबर मातीत जाई, हिवाळा तेथेच काढी, आणि पुढच्या उन्हाळ्यात वारा व कीटक यांच्यामार्फत पुन्हा फळांवर पोचे. १८८१ च्या सुमाराचा हा अभ्यास सूक्ष्मजीवाचे संपूर्ण वार्षिक चक्र उघड्या निसर्गात दाखवणाऱ्या आरंभीच्या कामांपैकी आहे. त्याचा व्यावहारिक अर्थ कारखानदारांनी लगेच ओळखला. फळे पिकण्याच्या दिवसांत हवेत रानटी यीस्ट जास्त असते, म्हणून गरम वर्ट उघड्या उथळ हौदांत थंड करणे त्या काळात सर्वाधिक धोक्याचे असते.

१९०८ मध्ये त्यांनी तळयीस्ट क्रमांक एकला सॅकॅरोमायसिस कार्ल्सबर्गेन्सिस आणि क्रमांक दोनला सॅकॅरोमायसिस मोनासेन्सिस ही शास्त्रीय नावे दिली. दुसरे नाव म्यूनिकवरून घेतलेले आहे. पुढच्याच वर्षी, २७ ऑगस्ट १९०९ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जागी योहानेस श्मिट आले. ते पुढे बिअरपेक्षा अहीर माशांच्या प्रवासावरील शोधासाठी प्रसिद्ध झाले.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==

महाराष्ट्रात हान्सेन यांची पद्धत बिअरपेक्षा अधिक मोठ्या प्रमाणावर मळीच्या किण्वनात दिसते. कोल्हापूर जिल्ह्यासारख्या ऊसपट्ट्यात साखर कारखान्यांना जोडलेल्या आसवन्यांत साखरेनंतर उरलेल्या मळीपासून अल्कोहोल तयार होते. तेथे यीस्ट प्रयोगशाळेतील नळीतून चंबूत, चंबूतून लहान पात्रात, मग मोठ्या पात्रात आणि शेवटी किण्वन टाकीत असे टप्प्याटप्प्याने वाढवले जाते. ही चढती मांडणी हान्सेन व क्यूले यांच्या तांब्याच्या उपकरणाचीच वंशज आहे. अडचणीही ओळखीच्या आहेत. मळीबरोबर आलेले रानटी यीस्ट व लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू साखर खातात, आम्लता वाढते आणि अल्कोहोलचा उतारा घटतो. उन्हाळ्यात टाकीचे तापमान चढले की यीस्ट दुबळे होते आणि हे भागीदार बळावतात.

घरी बिअर बनवण्याची हौस युरोप-अमेरिकेत मोठी आहे. ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये परवान्याची अट काढल्यावर आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानंतर ती वेगाने वाढली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, त्यामुळे येथे ही हौस मुख्यतः वाचनापुरतीच राहते. परवानाधारक लहान ब्रुअऱ्या मात्र पुण्यात २००९ पासून सुरू झाल्या. घरगुती बिअरमध्ये येणाऱ्या बहुतेक तक्रारींची उत्तरे हान्सेन यांच्या नोंदींत सापडतात. यीस्ट थोडे किंवा मरगळलेले पडले तर किण्वन उशिरा सुरू होते आणि तेवढ्या अवधीत रानटी जातींना संधी मिळते. म्हणून आधी थोड्या वर्टमध्ये यीस्ट वाढवून मग ते मोठ्या भांड्यात घालतात. तळाचे यीस्ट पुन्हापुन्हा वापरले तर प्रत्येक खेपेला मिश्रण वाढते, त्यामुळे काही खेपांनंतर नवा शुद्ध संवर्ध घेणे हितावह ठरते. पृष्ठभागावर कोरडी, सुरकुतलेली साय धरणे, लवंगेसारखा किंवा औषधी वास येणे, बाटलीत पुन्हा गढूळपणा व जादा वायू होणे ही रानटी यीस्टची नेहमीची लक्षणे आहेत. वर्ट उकळल्यानंतर जे जे त्याला लागते, ते भांडे, नळी, चमचा व झाकण निर्जंतुक असले पाहिजे. उकळण्यापूर्वीच्या स्वच्छतेला तितके महत्त्व नाही. लागर यीस्ट साधारण ८ ते १२ अंश सेल्सियसला काम करते. कोल्हापुरात उन्हाळ्यात दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर जाते, तेव्हा शीतकरणाशिवाय ते शक्य नाही. २० अंशांच्या आसपास चालणारे एलचे यीस्ट त्यामानाने सोसणारे असते, पण तेही फार तापले तर बिअरला फळांचा उग्र वास येतो.

== वारसा ==

हॅन्सेनियास्पोरा ही यीस्टची प्रजाती हान्सेन यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी फळांवर ज्याचा माग काढला ते लिंबाच्या आकाराचे यीस्ट याच गटातील आहे. कार्ल्सबर्गमध्ये त्यांचे काम ज्या विभागात झाले, त्याच विभागात ओयविंड विंगे यांनी १९३० च्या दशकात यीस्टच्या आनुवंशिकतेचा पाया घातला.

तळयीस्ट क्रमांक एकच्या वंशावळीचे कोडे मात्र बराच काळ सुटले नव्हते. २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलात सॅकॅरोमायसिस युबायनस ही जात सापडली. लागर यीस्ट हे नेहमीचे पाव-बिअरचे यीस्ट आणि ही थंडी सोसणारी रानटी जात यांचा संकर असल्याचे त्यावरून ठरले. हान्सेन यांनी ठेवलेले नाव आता सॅकॅरोमायसिस पास्टोरियानस या रीस यांच्या नावात समाविष्ट केले जाते. ज्या नावाने त्यांनी बिअर बिघडवणारी रानटी जात ओळखली होती, तेच नाव आज त्यांच्या निवडलेल्या यीस्टला लागले आहे. त्यांच्या काळच्या मूळ यीस्टचा जनुकीय आराखडा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्ल्सबर्गच्या तळघरात सापडलेल्या त्या काळच्या एका जुन्या बाटलीतून संशोधकांनी जिवंत पेशी मिळवल्या आणि २०१६ मध्ये त्यांपासून पुन्हा बिअर तयार केली.